उभ्या माणसाला काय द्यायचं?

सुरतेच्या रिंग रोडवर, कापड मार्केटांसमोरच्या फुटपाथवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवायचं, ही माझी पहिली नोकरी. अंगात आकाशी टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी दर महिन्याला काहीतरी द्या, असं लोकांना पटवायचं आणि त्यांचं मन बदलायच्या आत फॉर्मवर सही घ्यायची. काम सत्कार्याचं होतं, पण लोक आम्हाला बघून असे पळायचे की बोलायची सोय नाही. कुणी लांबूनच मोबाईल कानाला लावायचं. एका शेठजींनी तर घाईत उलटा लावला होता. कुणी भर रहदारीत रस्ता ओलांडायचं; म्हणजे रिक्षाखाली गेलो तरी चालेल, पण या पोरांच्या तावडीत सापडायला नको.

लोकांचंही चुकत नव्हतं. आम्ही चिवटच होतो. आमची टीम लीडर गुजराती ताई होती. तिने पहिल्याच दिवशी मंत्र दिला होता, "त्रीजी 'ना' सुधी छोडवानु नहि." म्हणजे माणूस तीनदा नाही म्हणेपर्यंत सोडायचं नाही. समोरचा चालायला लागला तर त्याच्यापुढे उलटं चालायचं. पहिला प्रश्न असा टाकायचा की त्याला नाही म्हणताच येऊ नये. मी या सगळ्यात इतका तयार झालो होतो की माझी आईही माझ्याशी बोलताना सावध असायची.

या अख्ख्या रस्त्यावर एकच माणूस असा होता की जो आम्हाला बघून रस्ता ओलांडायचा, पण आमच्या बाजूला यायला.

त्यांना सगळे जिभाऊ म्हणायचे. खानदेशात थोरल्या, बापासारख्या माणसाला जिभाऊ म्हणतात, आणि नवागामात तर सुरतेतला निम्मा खानदेश राहतो. चाळीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्टर होते. बंद पडलेल्या लूमला वठणीवर आणणारा तो मास्टर. त्या खडखडाटात कान जवळजवळ गेले होते, त्यामुळे स्वतःही समोरचा माणूस नदीपलीकडे उभा असल्यासारखे बोलायचे. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला चाप, आणि तो चाप सायकल नसतानाही लावलेला. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी रिंग रोडवर एक फेरी मारायची आणि जो कुणी अडवेल त्याच्याकडून अडवून घ्यायचं, हा त्यांचा दिनक्रम. ज्याला सगळे टाळतात त्याच्याजवळ काहीतरी सांगण्यासारखं असणारच, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा अडवलं तेव्हा मला वाटलं, आज नशीब उघडलं. माणूस पळत नव्हता, घड्याळाकडे बघत नव्हता, माझ्या ओठांकडे एकटक बघत सगळं ऐकत होता. मी रंगात आलो. आजारी मुलांच्या आकड्यांपाशी माझी जीभ जरा अडखळली, तसा त्यांनी हात वर केला.

"धागा तुटना," ते म्हणाले. "पयलेपाईन सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. मग ते म्हणाले, सुरुवातीला फार घाई करतोस, ताण जास्त पडतो. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मान डोलावली, सूत बरोबर निघतंय म्हणाले. मी लगेच टॅब पुढे केला. त्यांनी तो हळूच माझ्याकडे सरकवला आणि मला त्यांचं ते ठरलेलं वाक्य ऐकवलं.

"उभा माणूसले काय देवानं? घर ये. बस. मंग माग."

उभ्या माणसाला द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. देणं हे बसवून, पाणी देऊन, कुठला, काय, विचारून मग करायचं काम आहे. रस्त्यात उभ्याउभ्या हातावर काही टेकवलं तर तो त्या माणसाचा अपमान, आणि आपलाही. घराचा पत्ता ते अगदी नीट समजावून सांगायचे. पण रिंग रोड सोडून नवागामात जाऊन चहा पीत बसायला आमच्यातल्या कुणाला वेळ होता? आमच्यात त्यांचं नाव 'घर ये काका' पडलं. नवीन पोरगा कामावर आला की आम्ही मुद्दाम त्याला त्यांच्या अंगावर सोडायचो आणि लांबून मजा बघायचो. अर्ध्या तासाने तो पोरगा घसा बसलेला, घामाघूम, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगलं बोलायला शिकलेला परत यायचा.

त्यांचे किस्से मला पुढे गल्लीतल्या लोकांकडून कळले. एका संस्थेच्या बाई खिशाला कागदी झेंडा टोचायच्या आणि मग हात पुढे करायच्या. जिभाऊंनी झेंडा टोचून घेतला, छाती पुढे काढून बघितला, छान आहे म्हणाले आणि घरी यायचं आमंत्रण दिलं. बाईंनी झेंडा परत काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच बाईंसमोर जाऊन उभे.

गणपतीच्या आधी गल्लीतली पोरं रस्त्याला आडवी दोरी बांधून वर्गणीसाठी वाहनं अडवायची. जिभाऊ सायकलवरून उतरले आणि म्हणाले, आधी आरती म्हणून दाखवा, सगळी कडवी, मोबाईलमध्ये न बघता. दुसऱ्या कडव्यात पोरांची दांडी उडाली. मग त्यांनी सायकल दोरीला टेकवली आणि तिथेच रस्त्यात मांडी घालून पोरांना आरती शिकवायला बसले. मागे रिक्षांची ही रांग. रिक्षावाले हॉर्न वाजवून थकले, पण जिभाऊंना हॉर्न ऐकू येतो कुठे? पुढच्या वर्षीपासून लांबून ती सायकल दिसली की पोरं आपणहून दोरी सोडायची.

तर असा हा माणूस. त्याच्या घरी मी गेलो तो काही भक्तिभावाने नाही. त्या महिन्यात माझे फॉर्म इतके कमी झाले होते की ताईने मला शनिवारपर्यंतची मुदत दिली होती, नाहीतर नोकरी सोडायची. सोमवारी दुपारी मी शेअर रिक्षात बसलो आणि नवागामात उतरलो. चिवट माणसाला पत्ता पुरेसा असतो.

दोन मजली घर, वर गॅलरी, आणि दारातच हळदीकुंकवाचा सडा. आदल्या दिवशी काहीतरी मोठं झालेलं दिसत होतं. दार उघडं होतं. आत एक बारक्या अंगाच्या बाई पाटाजवळ बसल्या होत्या. ही जिभाऊंची बायको. गल्ली त्यांना माय म्हणते. मी दारातूनच ओरडून सांगितलं की जिभाऊंनी घरी बोलावलंय. त्यांचा चेहरा असा उजळला की मी चपापलोच. माझ्या आजवरच्या नोकरीत कुणी माझ्याकडे बघून असं हसलं नव्हतं.

"हात धोई ले, भाऊ," त्या म्हणाल्या. "खाय, लाजू नको. घरनंच शे."

ताटात जाड, खमंग रोट, वर तूप, बाजूला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि खीर. दुपारचं जेवण बुडालेलं होतं. एक संपला की त्या दुसरा वाढायच्या. चौथा संपत आला तेव्हा जिभाऊ मागच्या मोरीतून अंग पुसत आले, मला बघितलं, ताट बघितलं, आणि त्यांचा टॉवेल हातातच राहिला.

एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या वेळी दोघं नवरा-बायको हातांच्या खुणांनी बोलायला लागले. लूमच्या आवाजात कारीगर असेच बोलतात. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण मायचा हात कपाळावर गेला तेव्हा कळलं की मी काहीतरी भयंकर करून ठेवलंय.

ते असं होतं. श्रावणात खानदेशी घरांमध्ये कानबाई बसते. रविवारी बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. आणि ते रोट खायचे फक्त कुळातल्यांनी, भाऊबंदांनी. बाहेरच्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही, घराबाहेर न्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचे. आमचं घर मूळचं कोकणातलं, वडील उधन्याला रेल्वेत. मला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मायला वाटलं, मी कडोदऱ्याहून यायचा होता तो लांबचा पुतण्या.

"आता काय?" मी विचारलं.

जिभाऊ माझ्यासमोर बसले. मग त्यांच्या चेहऱ्यावर, बंद लूमचा बिघाड सापडल्यावर यायचं असेल तसं हसू आलं. रोट बाहेरच्याला चालत नाही, ते म्हणाले, म्हणजे ज्याने खाल्ला तो बाहेरचा नाही. दुसरा इलाजच नाही. आणि त्यांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. टोपली काठोकाठ भरलेली होती.

खरी गोष्ट मग बाहेर आली. अकरा नावांचे रोट केले होते, आणि खायला हे दोघंच. एक पुतण्या पुण्याला, दोघांची कामाची पाळी सुटत नव्हती, एकाशी जुनं भांडण, बाकीच्यांनी फोनवरच नमस्कार केला होता. कडोदऱ्याला राहणारे आबा हे कुळातले सर्वांत वडील. त्यांनी गेल्या वर्षीच बजावलं होतं की या घरी रोट संपत नाहीत. यंदा पौर्णिमेला टोपलीत उरले, तर कानबाई पुढच्या वर्षापासून कडोदऱ्याला, मोठ्या कुटुंबात बसेल. तीस वर्षं ती मायच्या हातून बसत आली होती. या दोघांना मूलबाळ नव्हतं. वर्षातून एक दिवस हे घर बायकांच्या गाण्यांनी भरायचं तेवढंच.

"ती गयी ते मना घर कोन येई?" माय एवढंच म्हणाली आणि पदराने पाट पुसायला लागली. पाट स्वच्छच होता.

मला फार वाईट वाटलं. पण मी धंद्याला जागून टॅबही बाहेर काढला. जिभाऊ म्हणाले, रोट संपेपर्यंत या घरातून काही बाहेर द्यायचं नसतं. तू घरी आलास, बसलास, नियम पाळलास. रोट संपले की सही माझी. पौर्णिमा शनिवारी होती. माझी मुदतही शनिवारचीच. असा माझा आणि कानबाईचा करार झाला.

मग सुरू झाला तो आठवडा. दिवसभर मी रिंग रोडवर नकार खायचो आणि संध्याकाळी नवागामात रोट. मंगळवारी ते मऊ होते, बुधवारी चिवट झाले, गुरुवारी माय ते दुधात कुस्करून द्यायला लागली. जिभाऊ समोर बसून मला हुरूप द्यायचे. मी थांबलो की "धागा तुटना" म्हणायचे. घरी आई भाताचं पातेलं तसंच ठेवायची आणि म्हणायची, कुठे जेवून येतोस ते तरी सांग, मुलीचं घर असेल तर मी रागावणार नाही. तिला काय सांगणार? शुक्रवारी मी फुटपाथवर उभा असताना मला ढेकर आला आणि समोरचा माणूस हसून पळाला.

पण खोटं कशाला बोलू, मला तिथे जायला आवडायला लागलं होतं. जिभाऊंनी मला हातांच्या खुणा शिकवल्या. 'चहा', 'पगार', 'मालक आला', 'तू मूर्ख आहेस'. शेवटची खूण त्यांनी माझ्यावर पुष्कळ वापरली. आणि मी दारात दिसलो की माय रोज तशीच हसायची, मी कोण ते कळल्यावरसुद्धा.

शनिवारी संध्याकाळी टोपलीत एकच रोट उरला होता. तो मुद्दाम ठेवला होता, कारण आबा येणार होते आणि शेवटचा रोट त्यांच्या समोर मोडायचा होता. मी पाय पसरून गॅलरीत बसलो होतो, श्वास घ्यायला जागा नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबली. पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, हातात काठी. मायने माझा दंड धरला. गल्लीने आबांपर्यंत बातमी आधीच पोचवली होती की जिभाऊच्या घरी बाहेरचा पोरगा रोट खातोय. रोट बाटले असं आबा एकदा म्हणाले, तर टोपली रिकामी असूनही उपयोग नव्हता.

आबा घराकडे निघाले आणि जिभाऊ त्यांना रस्त्यातच गाठायला खाली धावले. आबाही जुने लूमवालेच, त्यांचेही कान गेलेले. त्यामुळे जे काही झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं.

"आबा, दोनच मिनिटं," जिभाऊ म्हणाले.

मी ताडकन उठून उभा राहिलो. तो माझा आवाज होता. माझा सूर, माझे हात, चेहऱ्यावर माझं ते गोड हसू. आबा थांबेनात, तसे जिभाऊ त्यांच्यापुढे उलटे चालायला लागले. इतके महिने त्यांनी आमच्याकडून फुकट शिकवणी घेतली होती. पायाला चाप लावलेला पासष्टीचा माणूस खड्डे चुकवत उलटा चालत होता आणि एकही पाऊल चुकत नव्हता. आबा म्हणाले, बाहेरच्याने खाल्ला, आता काही बोलू नको. ही पहिली ना. जिभाऊंनी विचारलं, कानबाईवर तुमची माया आहे ना? याला आबा नाही कसं म्हणणार? मग म्हणाले, वर येऊन पोराला बघा तरी. आबांनी काठी आपटली. ही दुसरी ना. मी वर उभ्याउभ्या बोटांवर मोजत होतो. तिसऱ्या नकाराला सोडून द्यावं लागतं, आणि ते जिभाऊंना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

जिभाऊ थांबले. आवाज उतरवला, म्हणजे त्यांच्या मानाने उतरवला.

"आबा, आपुन सुरतले उनूत, तवय कोन आपलं व्हतं आठे? लिंबायतनी खोलीमा, पयला साली, रोट कोनी खादात?"

सुरतेत आलो तेव्हा इथे आपलं कोण होतं, हा प्रश्न आबांना बरोबर लागला. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. खोलीत तेव्हा तीन माणसं राहायची, हे मला मायने कानात सांगितलं. आबा, जिभाऊ, आणि आबांच्या शेजारच्या लूमवर काम करणारा एक उडिया कारीगर. दोघांना रोट संपेनात तेव्हा आबांनीच आपल्या हाताने त्या कारीगराच्या ताटात वाढला होता.

"तो भाऊसारखा व्हता," आबा शेवटी म्हणाले.

जिभाऊंनी हात वर करून गॅलरीकडे दाखवलं. मी कठड्याला टेकून उभा होतो. बोटांना गंगाफळाची भाजी, टी-शर्टवर तुपाचा डाग.

"हाऊ बी," जिभाऊ म्हणाले.

आबांनी मान वर करून मला नीट बघून घेतलं. मग काठी टेकत जिना चढले. आत येऊन पाटावर बसले, पाणी प्यायले आणि तो शेवटचा, दगडासारखा रोट दोन्ही हातांत धरून मोडला. आधी दोन तुकडे झाले. मग त्यांनी दोन्ही तुकडे पुन्हा मोडले. एक मायला, एक जिभाऊंना, एक स्वतःला, आणि चौथा न बघताच माझ्याकडे धरला. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर त्यांनी टोपली उलटी करून तळावर थापटली आणि म्हणाले की पुढच्या वर्षी कानबाई इथेच बसेल. माय उठून आत गेली. ती रडत होती आणि भांडी वाजवून ते लपवत होती, आणि तिच्याशिवाय त्या घरात ऐकू येणारा मी एकटाच होतो.

आता माझं काम. रोट संपले होते, मी बसलेला होतो, दिवस शनिवारचा होता आणि मला एकच फॉर्म कमी पडत होता. मी हात धुऊन टॅब सुरू केला, फॉर्म उघडला आणि जिभाऊंसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, शब्दाला जागणारा माणूस. त्यांचं बोट काचेला लागणार एवढ्यात आबांनी त्यांचं मनगट धरलं.

"भाऊबंदले कोनी दान देस का रे?" आबा म्हणाले.

जिभाऊंनी बोट मागे घेतलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हाताने ती 'तू मूर्ख आहेस'ची खूण केली. डोळ्यांत पाणी आणि चेहरा हसून लाल. नियम बरोबरच होता. घरच्याला कुणी दान देत नाही. माझी सही गेली, आणि सोमवारी नोकरीही गेली.

त्या नोकरीत मला किती नकार मिळाले त्याची गणती नाही. पण घरी जाऊन आईला उठवून सांगावा असा तो एकच. मी टॅब बंद केला आणि जायला उठलो. दारात मायने हटकलं. पुढच्या श्रावणात गहू घ्यायचे म्हणजे नाव हवं, आणि आठवडाभर रोट खाऊ घातले तरी माझं नाव विचारायचं सगळ्यांचंच राहून गेलं होतं. मी उंबऱ्यातूनच सांगायला लागलो, तर तिने ऐकूनच घेतलं नाही. आधी बस म्हणाली.